खिशातलं पातं आणि संत्र्याचा डोळा

वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या पन्हेऱ्यांमध्ये संत्र्याची बाग बोटभर पात्याने सुरू होते. समोर जंबेरीचं रोप, खोड पेन्सिलीएवढं जाड. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवी चीर, तिच्या मधोमध खाली उतरणारी एक उभी चीर. चाकूच्या मागच्या बोथट टोकाने साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलायची. दुसऱ्या हातात नागपुरी संत्र्याची काडी. तिच्यावरचा एक डोळा, खाली इंचभर सालीची ढाल ठेवून, एका ओढीत काढायचा आणि त्या फटीत सरकवायचा. वर प्लॅस्टिकची पट्टी. साधारण तीन आठवड्यांनी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा दिसला, की एका झाडाची मुळं आणि दुसऱ्या झाडाची फळं यांचा संसार जुळला. हात बसलेला माणूस हे सगळं बघणाऱ्याच्या लक्षात येण्याआधीच उरकतो आणि पुढच्या रोपापाशी सरकतो.

छोटा, स्वस्त, न मिटणारा, रोज जवळ बाळगता येईल आणि कुणाला दिसणार नाही असा चाकू कोणता घ्यावा, असं हल्ली अमरावती-अकोल्याची तरुण मुलंही विचारतात. मोबाइलवर परदेशी चाकूंचे व्हिडिओ बघून हौस जागी होते, आणि हौसेत वाईट काही नाही. या यादीतल्या पहिल्या चार अटी मला फार आवडतात. पाचवीबद्दल पुढे बोलू. पण चार अटींचं उत्तर शोधायला परदेशी जायची गरज नाही, ते वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर आणि तिकडे अकोटच्या संत्रापट्ट्यात डोळे बांधणाऱ्यांच्या हातात आहे. त्या चाकूचं पातं दोन-अडीच इंचांचं असतं, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर, मूठ मात्र पूर्ण मुठीत भरेल एवढी. नवख्या माणसाची चूक नेमकी उलटी होते. तो लांब पातं आणि आखूड मूठ निवडतो, कारण दुकानात डोळ्यात भरतं ते पातं. दिवसभर काम करतो तो हात, आणि हाताला मूठ लागते.

घडीच्या चाकूला एक सांधा असतो. त्या सांध्यात चीक जातो, माती जाते, ओल राहते, आणि वर्षभरात पातं किंचित डुलायला लागतं. सफरचंद कापताना ते डुलणं कळत नाही. सालीत अर्धा मिलिमीटर शिरून तिथेच थांबायचं असेल तर कळतं. न मिटणारं पातं मुठीच्या आतपर्यंत गेलेलं असतं. ते किती आत गेलंय हे विकत घेताना विचारावं. टोकापर्यंत गेलेलं असेल तर मूठ फुटली तरी पातं हातात राहतं. दीड इंच खुपसून वर डिंक ओतलेला असेल तर पहिल्या गाठीदार फांदीला त्याचा निकाल लागतो. न मिटणाऱ्या चाकूला म्यान मात्र हवंच, आणि माझ्या मते स्वस्त चाकूतली खरी फसवणूक म्यानातच असते. उलटं धरून हलवल्यावर चाकू बाहेर पडला तर तो चाकू नाही, मांडीला होणाऱ्या जखमेची आगाऊ तयारी आहे.

आता धारेकडे येऊ, कारण खरं नवल तिथे आहे.

अंगठ्याने पातं दाबायला एक किलोचा जोर लावला असं समजा. हा जोर काही फार नाही. पात्याचा एक सेंटिमीटर भाग सालीला टेकलाय आणि चांगल्या लावलेल्या धारेची कड एक मायक्रॉन रुंद आहे, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्यावा. आता जोराला क्षेत्रफळाने भागलं तर येणारा दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ दहा हजार पट भरतो. पृथ्वीवरच्या सगळ्यात खोल समुद्रात, मारियाना गर्तेच्या तळाशी, पाण्याचा दाब हवेच्या अकराशे पटींपर्यंत पोचत नाही. म्हणजे शेंदूरजनाघाटच्या बांधावर बसलेला माणूस अंगठ्याच्या हलक्या दाबाने महासागराच्या तळाच्या नऊ-दहा पट दाब एका रेषेवर उभा करतो, आणि तो करतो तंबाखू चघळत.

एवढी बारीक धार हवी कशाला? सालीच्या खाली लाकडाला लागून वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. झाड जाड होतं ते याच थरामुळे. आतल्या बाजूला तो लाकूड घालतो, बाहेरच्या बाजूला साल. रोप जोमात असताना या थरातल्या पेशी भराभर विभागत असतात, त्यांच्या भिंती कोवळ्या असतात, म्हणून साल सहज सुटते. साल सुटत नसेल तेव्हा डोळा बांधायला कुणी बसत नाही. डोळ्याच्या ढालीखालचा हा थर आणि खोडावरचा थर एकमेकांना भिडले, तरच जोड धरतो. या पेशींची जाडी काही मायक्रॉनच असते. बोथट पातं त्यांना कापत नाही, चिरडतं. चिरडलेल्या पेशी काळ्या पडतात, मध्ये मेलेला पापुद्रा राहतो आणि डोळा सुकतो. डोळा लागला नाही की दोष काडीला, उन्हाला, मजुराला दिला जातो. पात्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

कलमाच्या काही चाकूंना धार एकाच बाजूने दिलेली असते. एक बाजू सपाट, दुसरी उतरती. सपाट बाजू लाकडाला लागून सरळ जाते आणि काप एका पातळीत येतो. डोळा बांधायच्या चाकूला पुष्कळदा दोन्ही बाजूंनी धार असते. रोजच्या वापराला, म्हणजे दोरी, पोतं, संत्रं, पार्सलची पट्टी यांसाठी, दोन्ही बाजूंनी धार असलेलंच पातं घ्यावं, कारण एका बाजूचं पातं सरळ कापताना हळूच तिरकं जातं. डावखुऱ्या माणसाने एका बाजूच्या धारेचा चाकू दुकानात हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. तो उजव्या हातासाठी घासलेला असण्याचीच शक्यता जास्त.

धार जाते कशी, यातही एक कोडं आहे. दाढीचं ब्लेड पोलादाचं, केस त्याच्यापेक्षा कितीतरी मऊ, तरी ब्लेड बोथट होतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली घडताना पाहिलं आणि ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं. धार नुसती झिजत नाही. केस वाकतो, पात्याला तिरका टेकतो, आणि धारेवर जिथे पोलादाची घडण एकसारखी नसते तिथून सूक्ष्म कपचा उडतो. मऊ वस्तू कठीण वस्तूला हरवते ती अशी, कोन साधून. पन्हेरीतही पातं वाकडं फिरवलं की धार लवकर जाते, हे ज्यांचे हात शिकले आहेत ते लोक कधीच प्रयोगशाळेत गेलेले नसतात.

चांगलं पोलाद ओळखायचं कसं? वऱ्हाडात बाजाराच्या दिवशी घिसाडी पाल टाकून बसतात. भाता, ऐरण, सांडशी, आणि शेजारी ट्रकच्या कमानीच्या पाट्यांचे तुकडे. कमानीचं पोलाद विळ्याला, कुऱ्हाडीला उत्तम. त्यात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, त्यामुळे ते चिवट असतं. बारीक धारेच्या छोट्या पात्याला याहून जास्त कार्बन असलेलं पोलाद बरं. त्यासाठी बरेच जण जुनं एक्सॉ ब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं, घासून चाकू करतात. इथे एक मेख आहे. आजकालच्या बऱ्याच एक्सॉ ब्लेडना दातांपुरती कठीण पोलादाची पट्टी जोडलेली असते आणि मागचा भाग लवचीक, तुलनेने मऊ असतो. दात घासून काढले की जे कठीण होतं तेच गेलं. हाती राहतो तो दिसायला चाकू, गुणाने पट्टी.

पात्याला ‘पाणी देणं’ म्हणजे नेमकं काय होतं, हे कळल्यावर मी तरी घिसाड्याच्या भट्टीपाशी जास्त वेळ उभा राहायला लागलो. साध्या तापमानाला लोखंडाचे अणू ज्या रचनेत बसतात, तीत कार्बनला जागाच नसते, दोन शतांश टक्केसुद्धा मावत नाही. लोखंड लाल तापलं की अणू आपली मांडणी बदलतात, आणि नव्या मांडणीत दोन टक्क्यांपर्यंत कार्बन मावतो. आता ते अचानक तेलात किंवा पाण्यात बुडवलं, तर अणूंना जुन्या जागी परतायचं असतं, पण आत शिरलेल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. भरल्या एसटीत दार बंद झाल्यावर आतल्यांची जी गत होते तीच. सगळी रचना ताणली जाते, आणि तो ताण म्हणजेच कठीणपणा. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ अॅडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. तिचे पापुद्रे पोलादातल्या ध्वनीच्या वेगाच्या आसपास वेगाने घडू शकतात. भट्टीशेजारी ऐकू येतो तो फक्त चर्र आवाज. अणूंची उलथापालथ त्या आवाजाच्या आतच उरकलेली असते.

किती तापलं म्हणजे पुरे, हे घिसाडी रंगावरून ओळखतो. लोहचुंबकही कामी येतं. ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंड चुंबकाला चिकटत नाही. चुंबक लावून बघायचं, चिकटेनासं झालं की अजून थोडं तापवायचं आणि बुडवायचं. पण एवढ्यावर थांबलं तर पातं काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून घासून चकचकीत केलेलं पातं पुन्हा मंद तापवतात. त्यावर हवेतल्या ऑक्सिजनने एक पारदर्शक पापुद्रा चढतो, आणि तो जसजसा जाड होतो तसतसे त्यावर रंग उमटतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हे रंग कुठल्याही रंगद्रव्याचे नाहीत. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगावर दिसतात तसे, प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळून तयार झालेले आहेत. गवती पिवळा दिसला की पातं साधारण सव्वादोनशे अंशांवर आहे, आणि धारदार चाकूसाठी इथेच थांबायचं. निळा झाला की तीनशेच्या आसपास, ते पोलाद स्प्रिंगला योग्य. तापमापक नसताना शेकडो वर्षं माणसं अंश मोजत होती ती या रंगांवर. स्वस्त चाकूच्या धारेपाशी निळसर झाक दिसली तर समजावं, धार लावताना घाईत यंत्रावर पातं तापलं आणि पाणी उतरलं. असा चाकू परत ठेवावा.

लोखंडाची ही ओळख विदर्भात जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच नदीकाठच्या नैकुंडला १९७०च्या दशकाच्या अखेरीस उत्खननात लोखंड गाळायची एक लहानशी गोल भट्टी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपासचा. त्याआधी नागपूरजवळच्या माहुरझरीला, १९७०-७२च्या उत्खननात, शिळावर्तुळांखालच्या दफनांत लोखंडी पातं आणि तांब्याची मूठ असलेले खंजीर निघाले. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आइन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात इंदूर, म्हणजे आजचं निजामाबाद, आणि निर्मळ भागातल्या पोलादाच्या खाणींचा उल्लेख येतो. तो भाग तेव्हा वऱ्हाड सुभ्यात मोडत असे. म्हणजे वऱ्हाडाच्या नावावर एके काळी उत्तम पोलाद जमा होतं. आज आपण ट्रकच्या कमानीवर भागवतो, आणि भागतंही.

आता पाचवी अट, लपवण्याची. लपवलेल्या पात्याची सगळ्यात प्रसिद्ध मराठी गोष्ट १० नोव्हेंबर १६५९ची, प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या भेटीची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडची वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली तेव्हा साताऱ्याला लोकांनी रांगा लावल्या. त्याच संग्रहालयाने एक गोष्टही मोकळेपणाने सांगितली आहे: हीच ती वाघनखं, हे खात्रीने सिद्ध करता येत नाही. मला त्यापेक्षा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा अधिक बोलकी वाटते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही संस्था. तिच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ सादर केले. मराठी आखाड्यांत लाठी, दांडपट्ट्यासोबत जंबियाही शिकवला जायचा, आणि तो शिकवायचा मोठा भाग हातातलं शस्त्र निसटवण्याचा. जंबिया खेळलेला माणूस खिशात चाकू ठेवून सुरक्षित वाटून घेत नाही, कारण हातघाईत छोटं पातं किती पटकन दुसऱ्याच्या हातात जातं हे त्याने पाहिलेलं असतं. स्वसंरक्षणासाठी लपवलेला चाकू ही माझ्या मते वाईट खरेदी आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी.

कायद्याचंही ऐकावं. १९५९च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनलेल्या वस्तू वगळल्या आहेत. २०१६च्या नियमांत परवान्याच्या यादीत येतात ते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, तेही घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाचे नसतील तर. डोळे बांधायचा चाकू या मापाच्या पासंगालाही पुरत नाही. पण इथे गोष्ट संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात, आणि त्या कलमात शस्त्रं, लाठ्या-काठ्यांसोबत चाकूंचंही नाव आहे. सण, निवडणूक, तणाव, अशा वेळी हे आदेश निघतात. अमरावती शहरात ते आयुक्तालयाकडून येतात, अकोल्यात जिल्हा प्रशासनाकडून. अशा दिवशी राजकमल चौकात खिशातला चाकू सापडला तर पातं किती इंचांचं, हा प्रश्न मागे पडतो. तुम्ही तो का बाळगला, हा पुढे येतो. अवजारांच्या पिशवीत, म्यानात, काडी आणि पट्ट्यांच्या गुंडाळीशेजारी ठेवलेल्या चाकूला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही. सदऱ्याखाली कमरेला खोचलेल्याला लागतं. आणि एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला जाता येतं, तेव्हा हेही सांगून ठेवतो: चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात सोडावा लागतो.

लपलेलं काही असेल तर ते चाकूत नाही, चाकूवर आहे.

१९७१ मध्ये थिओडोर डीनर या शास्त्रज्ञाने बटाट्याच्या एका रोगाचं कारण उलगडलं तेव्हा जीवशास्त्राला धक्का बसला. तो विषाणूही नव्हता. विषाणूला निदान प्रथिनांचं कवच असतं. हा होता आरएनएचा नुसता उघडा धागा, कुठलंही प्रथिन बनवण्याची सूचना न बाळगणारा. त्याला व्हायरॉइड म्हणतात. संत्रावर्गीय झाडांवरचा असाच एक व्हायरॉइड एक्सोकॉर्टिस रोग करतो. त्याचा सगळा मजकूर ३७१ अक्षरांचा, गोल वेढ्यात लिहिलेला. माणसाचा मजकूर तीन अब्ज अक्षरांचा. आणि ही ३७१ अक्षरं पसरतात कशाने? डोळ्याच्या काडीने, आणि कापणाऱ्या पात्याने. रोगट झाडाची काडी कापलेलं पातं पुढच्या रोपात शिरलं की धारेवरचा अदृश्य ओलावा पुरेसा असतो.

विदर्भात डोळे बांधायला दोन खुंट, म्हणजे खालची मुळांची रोपं, मुख्यतः वापरतात, जंबेरी आणि रंगपूर लाइम. एक्सोकॉर्टिसला रंगपूर बळी पडतो. काही वर्षांनी खुंटाची साल तडकते, सोलते, झाड खुजं राहतं. जंबेरीवर मात्र सहसा काहीच दिसत नाही. झाड हिरवंगार, फळं लागलेली, आणि आत व्हायरॉइड. त्या निरोगी दिसणाऱ्या झाडाची काडी माणूस विश्वासाने कापतो, तोच चाकू दिवसभर फिरतो, आणि त्याचा हिशेब बाग लावणाऱ्या शेतकऱ्याला चार-पाच वर्षांनी लागतो. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था असो की १९६९ पासूनचं अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, रोगमुक्त मातृवृक्षावरूनच डोळे घ्या, असा आग्रह धरतात तो उगाच नाही.

पातं लायटरच्या ज्योतीवरून फिरवलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. बुरशी-जिवाणूंचं त्याने भागत असेल, या व्हायरॉइडचं भागत नाही. ज्योतीतून झरकन गेलेलं पातं त्याच्यासाठी पुरेसं तापत नाही. स्पिरिटनेही तो मरत नाही. चालतं ते ब्लीच, म्हणजे एक टक्क्याच्या आसपासचं सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. एका मातृवृक्षाच्या काड्या संपल्या की पातं त्यात बुडवायचं, मग दुसऱ्याला हात लावायचा.

आणि इथे चाकू निवडण्याचा प्रश्न शेवटी सुटतो, कारण हेच ब्लीच पोलाद खातं. कमानीचं किंवा साधं कार्बन पोलाद धार सुंदर घेतं, निसण्यावर चार हात मारले की परत येतं, पण दिवसातून दहा वेळा ब्लीचमध्ये बुडालं तर संध्याकाळी त्यावर लाल ठिपके दिसतात, आणि धारेवरचा ठिपका म्हणजे खड्डा. साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलेलं स्टेनलेस पातं यात जास्त टिकतं, जरी क्लोरीनपुढे तेही पूर्ण अभेद्य नाही. म्हणून पन्हेरीत काम करणाऱ्याने स्टेनलेस घ्यावं, धार थोडी लवकर गेली तरी चालेल, आणि प्रत्येक बुडवणीनंतर साध्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसावं. ज्याला फक्त घरी, शेतात, प्रवासात संत्रं सोलायचं आणि दोरी कापायची आहे त्याने घिसाड्याकडून कार्बन पोलादाचं पातं करून घ्यावं, दोन-अडीच इंच, मूठ मोठी, निळी झाक नसलेलं. काम झालं की पुसून त्यावर जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. महिन्याभरात पात्यावर राखाडी-काळसर मुलामा चढेल. तो गंज नाही, घासून काढू नका.